दुधाचेच दात आहेत, पडणारच की!

शेवंती (धागाकर्ती)

मी लहान मुलांची दंतवैद्य. पुण्यात दवाखाना आहे, आणि आठवड्यातला एक दिवस वाघोलीच्या बाजूला जाते. तिथे बांधकामावरच्या मजुरांची मुलं दिवसभर ज्या पाळणाघरांत असतात, तिथे. दात दोन्हीकडच्या मुलांचे किडतात. पण दवाखान्यात येणाऱ्या मुलाचा एखादा दात किडलेला असतो आणि आई घाबरलेली असते. पाळणाघरात चार वर्षांच्या मुलाच्या वरच्या चारही पटाशीच्या दातांची काळी खुंटं उरलेली असतात आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. "दुधाचेच आहेत, पडणारच की." आई म्हणते, आजी म्हणते, मुकादम म्हणतो, आणि काही डॉक्टरही म्हणतात. म्हणून हा धागा.

दुधाचे दात एकूण २०. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं. दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तीन वर्षांच्या पोरीची किडलेली दाढ तिला अजून सात-आठ वर्षं वापरायची असते. त्यात सहाव्या वर्षाच्या आसपास, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, कुठलाही दात न पडता एक नवी दाढ गुपचूप उगवते. ती कायमची. बहुतेक घरांत तिचा पत्ताच नसतो, तीही दुधाचीच समजली जाते, आणि तोंड आधीच किडीचं असेल तर उगवल्यावर थोड्याच काळात तीही किडू लागते.

किडतात कसे? तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते दातावरचं कवच विरघळवतं. दुधाच्या दातांचं कवच कायमच्या दातांपेक्षा बरंच पातळ. खाल्ल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास हा मारा चालतो, मग लाळ हळूहळू सावरते. त्यामुळे दिवसभरात साखर किती खाल्ली याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. जेवताना दोन जिलब्या खाणारं मूल बऱ्यापैकी सुटतं. एकेक बिस्कीट दुपारभर चघळणारं सापडतं.

आता लेबर कॅम्पमधल्या मुलाचा दिवस बघा. आई अंधारात उठून भाकऱ्या करते, आठच्या आत साइटवर हजर. मुलाची सुरुवात गोड चहा आणि बिस्किटाने. रडलं की पाच रुपयांचा पुडा. यात आईचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तेवढ्या पैशांत पोट भरणारी, न नासणारी, हातात देऊन कामाला जाता येईल अशी दुसरी वस्तू टपरीवर मिळतच नाही. केळं मिळालं तरी एकच मिळतं. संध्याकाळी आई पुन्हा चुलीपुढे, मुलाच्या हातात पुन्हा पाकीट. रात्री साखर घातलेल्या दुधाची नाहीतर चहाची बाटली तोंडात धरून झोप. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि वरचे पुढचे दात त्या गोडात भिजत राहतात. खालचे पुढचे जिभेमुळे झाकलेले आणि लाळेच्या ग्रंथींजवळचे, म्हणून वाचतात. वरचे गेलेले आणि खालचे ठणठणीत, असं तोंड दिसलं की बाटलीबद्दल विचारावंच लागत नाही.

आणखी एक, जे मला फार उशिरा दिसतं. एवढी लहान मुलं "दात दुखतो" म्हणत नाहीत. एका बाजूने चावतात, घास गालात धरून ठेवतात, भाकरी नको म्हणतात. मग आई चहात बुडवलेलं बिस्कीट देते, कारण तेवढंच जातं. किडलेली दाढच मुलाला बिस्किटाकडे ढकलते. "जेवतच नाही हो, नुसती बिस्किटं मागतो," असं कुणी म्हटलं की मी आधी दाढा बघते.

२००२-०३ मध्ये भारतीय दंत परिषदेने देशभर पाहणी केली होती. पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचे दात किडलेले निघाले. तुमच्याकडे काय दिसतं ते लिहा. अंगणवाडी, बालवाडी, शाळा यांच्याशी संबंध असलेल्यांनी तर लिहाच.

रानपाखरू

चांगला धागा. आमचे आजोबा आयुष्यभर राखुंडी आणि कडुनिंबाची काडी यांवर होते, ऐंशीव्या वर्षी हरभरे फोडायचे. पाकिटातला खाऊ आला आणि सगळं बिघडलं.

शेवंती

रानपाखरू, आजोबांच्या दातांना साखर भेटली ती सणावारी. काडीने दात साफ होतात, पण तिच्यात फ्लोराइड, म्हणजे दाताचं कवच घट्ट करणारा क्षार, नाही. दिवसातून सहा-सात वेळा गोड खाणाऱ्या मुलाला ती पुरत नाही. राखुंडीने आणि लाल दंतमंजनाने कवच घासून झिजतं ते वेगळंच. पाकिटाबद्दल मात्र १०० टक्के सहमत.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. पाळणाघराचं वाचून आमचीच लेकरं डोळ्यापुढं आली.

आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही लेकरं आजीपाशी राहतात, काही आईबापाबरोबर जातात. जी जातात ती कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. आईबाप पहाटेच फडात, लेकरू पाचटावर झोपलेलं. उठलं की हातात उसाचं कांडं, नाहीतर चहा. गाडी कारखान्यावर खाली होईस्तोवर आईचा पत्ता नसतो. चार-पाच महिने असं. परत येतात तेव्हा दातांकडं बघवत नाही. आजीपाशी राहिलेल्यांचंही फार बरं नसतं. आजी लाडाची, आणि दुकान समोरच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पथक चांगलं असतं, टॉर्च मारून दात बघतात, नोंद करतात, चिठ्ठी देतात. पण हंगामात गाडी आली तर निम्मी पोरं गावात नसतात. आणि चिठ्ठी घेऊन तालुक्याला जायचं म्हणजे एक रोज बुडतो, एसटीचे पैसे जातात. गेलं की कळतं, दातांचे डॉक्टर आज नसतात, अमक्या वारी या. दुसऱ्यांदा कुणी जात नाही. मीही गेले नसते.

अजून एक बोलते, कुणाला राग येऊ नये. आमच्या घरपोच आहारात शिरा, सुकडी अशी गोड पाकिटं असायची. लेकरं ती शिजवायच्या आधीच चिमूट चिमूट कोरडी खायची, दिवसभर. वजन वाढावं म्हणून दिलेलं, पण डॉक्टर म्हणतात तसं दहा वेळा गोड तोंडात.

शेवंती

बालाघाटताई, हे सोनं आहे. गाडीचं वेळापत्रक आणि हंगाम यांचा मेळ नसणं हे मला इथे बसून कधीच कळलं नसतं. हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच महाराष्ट्रात, ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला. तपासायच्या ३० आजारांच्या यादीत दातही आहेत. म्हणजे मूल शोधण्याची सोय आहे. चिठ्ठीच्या पुढे रस्ता संपतो.

खवचट

सगळं मान्य, पण मला एक कळत नाही. दर महिन्याला मोबाइलचं रिचार्ज होतं, गुटख्याची पुडी होते, आणि वीस रुपयांचा ब्रश परवडत नाही? गरिबीच्या नावावर प्रत्येक गोष्ट खपवायची सवय लागलीय आपल्याला. सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं मुलाचे दात घासायला पैसे लागत नाहीत.

नलिनी_ठाणे

खवचट, तुम्ही स्वतः कधी दोन वर्षांच्या मुलाचे दात घासलेत का? दोन मिनिटं म्हणे. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने घासायचं, तिसऱ्याने मोबाइलवर गाणं लावायचं.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी सहाला घर सोडतात, पाच घरची धुणीभांडी करून तीनला परततात. नळाला पाणी पहाटे, तेही तासभर. मुलीला सांभाळते ती आठ वर्षांची मोठी बहीण. तिने घासायचे दात?

आणि माझंच सांगते. आमच्या सोसायटीतल्या वातानुकूलित घरात, दोन शिकलेल्या आईबापांच्या मुलाचे वरचे चार दात बाटलीने गेले. आम्हाला कुणी आळशी म्हणालं नाही. "अरेरे, असं होतं हो," म्हणाले. आम्ही बालदंतवैद्याकडे गेलो, बेशुद्ध करून सगळे दात एका दिवसात दुरुस्त केले. बिल सांगत नाही, पण ताईंचा कित्येक महिन्यांचा पगार झाला असता. त्यांच्या धाकटीच्या गालावर सूज आली तेव्हा जवळच्या खाजगी दवाखान्यात एका दाढेचं रूट कॅनल आणि टोपी मिळून साडेसहा हजार सांगितले. त्यांनी मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या. सूज उतरली. महिन्याने पुन्हा आली. शेवटी दाढ काढली.

खवचट

मुलाचे दात घासलेले नाहीत, कबूल. बायकोने घासले. पण माझा मुद्दा सवयीचा आहे. पैसे दिले तरी सवय कोण लावणार?

शेवंती

सवयीचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मला वाटतं की ती घरात लावायचा हट्ट सोडावा आणि मूल जिथे रोज तीन-चार तास बसतं तिथे लावावी. आईला भाषण दिलं की ती मान हलवते. मी इतकी वर्षं दिलीत, फळ्यावर दाताचं चित्रसुद्धा काढलंय. पहाटे उठून रात्री निजणाऱ्या बाईच्या दिवसात आणखी एक काम घुसवणं एवढंच होतं त्यातून.

नलिनी, गोळ्यांबद्दल सगळ्यांसाठी लिहून ठेवते. प्रतिजैविकाने सूज उतरते, पण पू जिथून येतो ती दाढ तशीच राहते. गाल सुजलाय, ताप आहे, डोळ्याखाली सूज पसरतेय, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. "सोमवारी बघू" नाही.

चेसापीक

या शेवटच्या मुद्द्यावर. मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहते. इथे २००७ मध्ये डेमाँटे ड्रायव्हर नावाचा १२ वर्षांचा मुलगा गेला. किडलेल्या दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला होता. कुटुंब गरीब, सरकारी आरोग्यविमा मध्येच बंद पडलेला, आणि विमा असतानाही त्या विम्यावर दात बघणारा डॉक्टर सापडणं मुश्कील. दात काढायला साधारण ८० डॉलर लागले असते असं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. दोन शस्त्रक्रिया, कित्येक आठवडे रुग्णालय, अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च, आणि मुलगा वाचला नाही. त्यानंतर इथे गरीब मुलांच्या दातांसाठी कायदे आणि योजना बदलल्या. दाताने माणूस मरतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ग्लासगोकर

शेवंती यांनी "मूल जिथे बसतं तिथे" म्हटलंय ते आमच्या स्कॉटलंडमध्ये राज्यभर चालू आहे. चाइल्डस्माइल नाव, २००६ च्या सुमारास प्रायोगिक सुरुवात. प्रत्येक बालवाडीत रोज एकदा सगळी मुलं ओळीने बसून दात घासतात, बाई पेस्ट देतात. ब्रश-पेस्टचे संच घरी फुकट. गरीब वस्त्यांतल्या शाळांत वर्षातून दोनदा फ्लोराइडचं वॉर्निश, म्हणजे दातांवर लावायचा लेप. २००३ साली इथल्या पहिलीतल्या निम्म्याहून कमी मुलांचे दात धड होते, २०२० पर्यंत जवळजवळ पाऊण मुलांचे. माझी मुलगी बालवाडीतून घरी येऊन मलाच दरडावायची, "बाबा, थुंक, पण चूळ नको!"

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. गरीब आणि श्रीमंत वस्त्यांमधलं अंतर कमी झालं, मिटलं नाही. आणि शेजारच्या इंग्लंडमध्ये मुलांना दंतोपचार फुकट असूनही पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सगळ्यात मोठं कारण किडके दात हेच आहे.

माणदेशी

थुंक पण चूळ नको? उलटं ऐकतोय. आम्हाला तर खळखळून चुळा भरायला शिकवलं.

शेवंती

बरोबर वाचलंत. पेस्टचा फेस थुंकायचा आणि तोंड तसंच ठेवायचं. पाण्याने खळखळून धुतलं की दातावर राहिलेलं फ्लोराइडही वाहून जातं.

पैनगंगा

थांबा जरा. मी यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडचा. आमच्या इकडे फ्लोराइड म्हटलं की लोक हात जोडतात. बोअरच्या पाण्यानं पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांची हाडं आखडलेली. चंद्रपूर, नांदेडातलं किनवट, तिकडेही हेच. आणि तुम्ही लहान पोरांना फ्लोराइडची पेस्ट द्या म्हणता?

शेवंती

पैनगंगा, याची वाटच बघत होते. सरळ हिशोब मांडते.

पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक आहे. समजा एखाद्या बोअरला ३ मिलिग्रॅम आहे आणि मूल दिवसाला लिटरभर पाणी पितं, तर ३ मिलिग्रॅम पोटात. रोज. वर्षानुवर्षं. आता पेस्ट. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लागते, साधारण दशांश ग्रॅम. सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, पाव ग्रॅम, आणि ती मुलं बरीचशी थुंकतात.

तुमच्या भागात आधी पाण्याचा स्रोत तपासून बदलणं, ते न करता पेस्टवर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या गावात पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं माहीत आहे तिथे लहान मुलाच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारूनच ठरवा. मात्र पट्टे पडलेले दात किडत नाहीत हा समज सोडा.

ओळखायची खूण: फ्लोराइडचे पांढरे-पिवळे पट्टे साधारण दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असतात. किडीची सुरुवात हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेघेने होते. ती रेघ दिसली तेव्हा खड्डा पडलेला नसतो आणि दात वाचवता येतो. दर महिन्याला एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून बघा. एवढं एक जरी या धाग्यातून कुणी केलं तरी चालेल मला.

आई_दोघांची

लहान मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या, स्ट्रॉबेरी वासाच्या पेस्ट चालतात का?

शेवंती

मागची बारीक अक्षरं वाचा. त्यातल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड निम्मं असतं किंवा मुळीच नसतं, वनस्पतींच्या पेस्टमध्येही बहुतेकदा नसतं. आणि किंमत दुप्पट! मोठ्यांची साधी पांढरी फ्लोराइड पेस्ट, जिच्यावर १००० पीपीएम लिहिलंय, तीच तांदळाएवढी घ्या. भारतात पेस्टला वरची मर्यादाच १००० ची आहे. पहिला दात दिसला की सुरुवात. रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं, त्यानंतर फक्त पाणी. सहा-सात वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासायचं.

माणदेशी

आमच्याकडं दातातले किडे काढणाऱ्या बाया यायच्या. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीनं धूर तोंडात, आणि पाण्याच्या वाटीत खरंच बारीक पांढरं काहीतरी पडलेलं दिसायचं. अजूनही बाजाराच्या दिवशी एखादी दिसते. तिचे पन्नास रुपये. दवाखान्यात तर नुसतं बघायलाच दोनशे. लोकांना दोष कसा द्यायचा?

शेवंती

दातात किडे नसतात, ते पांढरं दातातून आलेलं नसतं. किडीचे जंतू उघड्या डोळ्यांना दिसतच नाहीत. पण पन्नास विरुद्ध दोनशे, हा मुद्दा खोडता येत नाही.

बालाघाट

मिशरीचंही कुणीतरी लिहा. आमच्याकडं आजीच सकाळी तव्यावर तंबाखू भाजते, स्वतः लावते आणि मांडीवरच्या नातीच्या दातावर पण बोट फिरवते. "दुखत नाही मग" म्हणते. खरंच दुखत नाही थोडा वेळ.

केसपेपर

तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि पेस्ट १९९२ पासून बंद आहेत. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

आता जरा उपयोगाचं. कुठे जायचं ते लिहितो, मी बऱ्याच लोकांना घेऊन गेलोय. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय (सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेसच्या आवारात) आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रल. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे लहान मुलांचा विभाग वेगळा असतो आणि खर्च खाजगीच्या मानाने नगण्य. वेळ मात्र काढून ठेवायचा, एका फेरीत काम होत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. दंत महाविद्यालयं वेगळ्या खात्याची, त्यांना हे लागू समजू नका. खाजगी दंत महाविद्यालयांची ओपीडीही स्वस्त पडते, विद्यार्थ्यांना रुग्ण हवेच असतात. जाण्याआधी फोन करून मुलांच्या विभागाचे वार विचारा.

दर्यावर्दी

गोंयात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. भाचीचं काम तिथेच झालं. गर्दी असते, माणसं बरी आहेत.

आई_दोघांची

आमच्या डॉक्टरांनी धाकट्याच्या दातांना एक औषध लावायचं सुचवलंय, ज्याने दात काळे पडतात म्हणे. आधीच किडलेले, त्यात काळे! सासूबाई ऐकतच नाहीत. कुणाला अनुभव?

शेवंती

ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. जपानमध्ये कित्येक दशकं वापरात आहे आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फ्लोराइड पेस्टही त्याच वर्षी त्या यादीत आली. दात कोरडा करायचा, छोट्या ब्रशने थेंबभर औषध मिनिटभर लावायचं, झालं. इंजेक्शन नाही, मशीन नाही, बेशुद्ध करणं नाही. चांदीने जंतू मरतात, फ्लोराइडने कवच घट्ट होतं, कीड बहुतेकदा तिथेच थांबते. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. काळा होतो तो फक्त किडलेला भाग, चांगला दात पांढराच राहतो. ज्या दाढेत पू झालाय किंवा जी रात्री झोपू देत नाही तिच्यासाठी याचा उपयोग नाही.

पाळणाघरात मी हेच वापरते, कारण तिथे खुर्ची नाही, वीज कधी असते कधी नसते. मूल सतरंजीवर, डोकं माझ्या मांडीवर. पुढच्या दातांसाठी आया नाही म्हणतात, विशेषतः मुलींच्या, आणि तो त्यांचा निर्णय. मागच्या दाढांना मात्र कुणी नाही म्हणत नाही. सासूबाईंना विचारा, दाढ काळी दिसणार कुणाला?

औषध स्वस्त आहे. एका बाटलीत कित्येक मुलांच्या दाढा होतात. तालुक्याच्या चिठ्ठीवर जे अडतं, त्यातलं निदान काही अंगणवाडीच्या सतरंजीवर होऊ शकेल, जर दंतवैद्य महिन्यातून एकदा तिथे पोहोचला. खड्डे हाताच्या अवजाराने साफ करून दातांचं सिमेंट भरायची पद्धतही आहे, टांझानियात ऐंशीच्या दशकात वीज नसलेल्या गावांसाठीच निघाली. यातलं काहीही नवं नाही. कॉलेजात शिकलो आणि बाहेर पडल्यावर मशीनच्या खुर्चीला चिकटलो आम्ही.

बालाघाट

डॉक्टर, मी हिशोब करून बघितला. एका अंगणवाडीत २५ लेकरं धरली. पाव ग्रॅमप्रमाणे दिवसाला सव्वासहा ग्रॅम पेस्ट. वर्षाला २५० दिवस अंगणवाडी धरली तर दीड किलोच्या वर थोडी. १०० ग्रॅमच्या १६ ट्यूब. आमच्याकडं साधी ट्यूब साठेक रुपयांना, म्हणजे हजाराच्या आत. ब्रश दहा रुपयांचा, वर्षातून तीनदा बदलला तर साडेसातशे. दोन हजारांत एका अंगणवाडीचं वर्ष निघतं. पाणी लागत नाही हे वाचून तर हायसं वाटलं, कारण उन्हाळ्यात आमचं टँकरवर असतं. थुंकायला घमेल्यात माती.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतो. दरवर्षी त्यातून खुर्च्या नाहीतर शिलाई मशीन येतं. सेविकांना विचारलं तर दोघी तयार, एक म्हणाली आधीच अकरा रजिस्टर आहेत, हे बारावं नको. तिला म्हटलं रजिस्टर नाही ठेवायचं.

शेवंती

ताई, रजिस्टर नाही ठेवायचं हे वाक्य तुम्हालाच सुचू शकतं. ब्रशबद्दल: प्रत्येकावर मुलाचं नाव, डोकं वर करून उभे ठेवायचे, एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, बंद डब्यात कोंबायचे नाहीत. पेस्ट सेविकेनेच लावून द्यायची, मुलाच्या हातात ट्यूब नाही. पहिल्या आठवड्यात मी व्हिडिओ कॉलवर येते.

बालाघाट

ग्रामसेवकांशी बोलले. पैसे आहेत म्हणाले. पण बिलावर टूथपेस्ट लिहिलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, म्हणून हात आखडताहेत.

खवचट

लेखापरीक्षणात २८ वर्षं काढलीत मी. वस्तूच्या नावाला कुणी आक्षेप घेत नाही, ठराव नसला की घेतात. मासिक सभेत आधी ठराव: "अंगणवाडीतील बालकांच्या दंत आरोग्यासाठी ब्रश व टूथपेस्ट खरेदी, महिला व बालकल्याण १० टक्के निधीतून." पटावरची मुलांची संख्या ठरावातच नमूद करा. दुकानदाराचं पक्कं बिल, साठा नोंदवहीत नोंद, सेविकेची पोच. तेवढं एक रजिस्टर मात्र लागेल, त्याला इलाज नाही. मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो, ग्रामसेवकांना दाखवा.